एकटीचं माप

निवडीच्या मंचावर घड्याळ सुरू झालं, तेव्हाच प्रशिक्षक लीलाताईंचं डोकं तापलेलं होतं. गेल्या मोसमात त्यांच्या कबड्डी संघाच्या बचावाची पार चाळण झाली होती, आणि ती बुजवायला आता तीस सेकंद उरले होते.

"बचावाला तुम्ही म्हणता ती रेश्मा नको," संघाचे मालक घोरपडे म्हणाले. "तिची छाया, म्हणजे संगणकातली प्रतिकृती, यंत्रात दहा हजार सामने खेळली. एकही चढाई अडवली नाही."

"अहो, राज्याच्या संघात ती आपल्या तनुजाचा हात धरून साखळीत खेळते! तुमच्या छाया हात धरतात का?"

घोरपड्यांनी यंत्रवाल्या बाईंकडे पाहिलं. त्या चाचरल्या, "माप एकेकीचंच घेतो, ताई. दोघी एकदम आत मावत नाहीत."

"शाबास! सात जणींचा खेळ एकेकीला कोंडून मोजलात!"

"यंत्राने सुचवलेलंच नाव कायम," म्हणत घोरपड्यांनी समोरच्या काचेवर उमटवायला अंगठा उचलला. मालकाचा अंगठा वेळेत उमटला नाही, तर निवड प्रशिक्षकाची, असा नियम होता.

ताईंनी त्यांचं मनगट पकडलं. घोरपडे चांगले धिप्पाड. ताई फरफटतच निघाल्या. तेवढ्यात निवडीसाठी मागे रांगेत उभ्या असलेल्या रेश्माने ताईंचा दुसरा हात घट्ट धरला आणि पाय रोवले. अंगठा काचेपासून वीतभर अंतरावर अडकला.

"सोडा! ही दांडगाई आहे!"

"दोघींचं माप आहे," ताई दात खात म्हणाल्या. "नीट घ्या."

घड्याळ शून्यावर आलं. पडद्यावर रेश्माचं नाव झळकलं, तरी ताईंनी मनगट सोडलं नव्हतं.