खुराड्याची जागा

आगाशीच्या बाजारातून सहा तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, येणार होत्या, म्हणून पुतळाबाईंनी विहिरीमागे फणसाच्या सावलीत खुराड्यासाठी चार खुंट्या ठोकल्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यानं विचारलं, "मना दिसतील का?" "अंडी खायला आणतेय, तमाशाला नाय," त्या करवादल्या. मग नवऱ्याला खुर्चीत बसवलं, अंग पुसलं, चादर बदलली आणि कंबर भरून आली म्हणून क्षणभर त्याच खाटेवर आडव्या झाल्या. खिडकीतून शेजारच्या नव्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचा पाइप एवढंच दिसत होतं. दोन वर्षं हा माणूस हेच बघत होता आणि एकदाही बोलला नव्हता. उठून त्यांनी खाट दाराकडे वळवली, खुंट्या उपटून अंगणात उंबऱ्यासमोर ठोकल्या. "अगं, दारात खुराडं? लोक हसतील." "हसू देत," धापा टाकत त्या म्हणाल्या, "मुंगूस आलं तर हाक मारा. तेवढं काम तुमचं."