दोन्या ओतिलियाचे आकडे

"तीन ऐंशी," वायरलेसवरून दोन्या ओतिलिया म्हणाली. "लिहिलंस, की डुलक्या काढतोयस?"

"लिहिलं, मावशी," एवेलिओ म्हणाला.

होंडुरासमधल्या सान हासिंतोच्या नगरपालिकेत तो वायरलेसवर बसायचा. वर डोंगरात, एल ओकोते गावापाशी, नदीत मीटरच्या खुणा रंगवलेला खांब होता. पाणी कुठवर चढलं ते ओतिलिया कळवायची; ‘दोन्या’ हे तिकडचं मानाचं ‘बाई’. तीन तासांनी तेच पाणी सान हासिंतोत पोचायचं. नऊ वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

वादळाचा दुसरा दिवस. सकाळी अकराला ती म्हणाली, "चार वीस."

एवेलिओने भोंगा वाजवला. लोक टेकडीवरच्या शाळेकडे निघाले, पण रेंगाळत, गाद्या-कोंबड्या सावरत. खालची वस्ती तर हलेचना. "आधी पुढचा आकडा येऊ दे, मग बघू!"

"मावशी, तुम्ही निघा आता."

"मी कशाला? माझं घर उंचावर आहे. इथून खांब लख्ख दिसतो. तू तुझी माणसं हलव."

चार नव्वद. पाच दहा. एवेलिओ प्रत्येक आकडा कर्ण्यावरून ओरडून सांगत होता आणि एकेक गल्ली रिकामी होत होती. वर कुणाला पाठवावं तर रस्ता खचलेला. हेलिकॉप्टर मागितलं, तर ढगांमुळे उडेना. तो नुसता ऐकत बसला.

"मावशी, आवाज का थरथरतोय?"

"गारठा आहे. म्हातारीने थरथरायचंही नाही का? लिही, पाच सत्तर. कुणी राहिलंय खाली?"

"कुणी नाही. सगळे वर पोचले."

"मग झालं."

त्यानंतर वायरलेस गप्प झाला. एवेलिओ संध्याकाळपर्यंत हाका मारत राहिला. बॅटरी संपली असेल, त्याने स्वतःला समजावलं.

सान हासिंतोत पाणी छपरांवरून गेलं. माणूस एकही दगावला नाही.

चौथ्या दिवशी नवी बॅटरी पाठीवर घेऊन तो चिखल तुडवत एल ओकोतेला पोचला. वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याला त्याने ओतिलियाचं उंचावरचं घर विचारलं.

"उंचावरचं?" शेतकऱ्याने खाली नदीकाठाकडे हात केला. "ते काय तिथं. खांबाच्या शेजारी होतं. खांब चार मीटरलाच वाहून गेला."

उरलेल्या एकुलत्या भिंतीवर, आतल्या बाजूने, खिळ्याने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे आकडा कोरलेला. उंबऱ्याशी चार वीस. आणि सगळ्यात वरची, एवेलिओच्या हनुवटीला लागेल अशी, पाच सत्तर.