अठरा पायऱ्या

“आता बोलू नकोस, फक्त ऐक,” असं बायकोला बजावून ठकठकरावांनी सिनेमा सुरू केला आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबवला. नव्या स्पीकरचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत होता. ते उठले, टीव्हीखालच्या कप्प्यात आत सारलेला तो लांबट स्पीकर ओढून पार कडेवर आणला आणि परत येऊन बसले. बायको सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सकाळपासून हे सहाव्यांदा चाललं होतं, पण तिने हूं की चूं केलं नाही.

ठकठकराव हे नाव त्यांना स्टुडिओने दिलेलं. पडद्यावर कुणी चाललं, दार लोटलं, कप बशीत ठेवला, की त्याचा आवाज हे मागाहून बंद खोलीत काढायचे. चित्रीकरणात बोलणं टिपलं जातं आणि पावलं हरवतात. ती हरवलेली पावलं परत घालायची, हा निवृत्त होईपर्यंत त्यांचा चौतीस वर्षांचा धंदा. ज्या सिनेमाने त्यांचा जम बसला, त्यात नायिका रागाने घर सोडून जाते आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन अठरा पायऱ्या चढते. संवाद नाही, संगीत नाही, नुसत्या उंच टाचा. चांभाराकडून मुद्दाम नऊ नंबरचे सँडल करवून घेऊन मिशीवाले ठकठकराव त्या अठरा पायऱ्या चढले होते. नायिकेला त्या वर्षी बक्षीस मिळालं. ठकठकरावांचं नाव सिनेमाच्या पाट्यांमध्येही नव्हतं.

त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्नाला तीन महिने झाले असताना ते बायकोला तो सिनेमा दाखवायला घेऊन गेले. पायऱ्यांवर कोण चढलंय, हे सांगितलं नाही. सांगून कौतुक करवून घेण्यात कसली मजा? तिने आपणहून ओळखावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती “छान होता” म्हणाली आणि घरी जायची बस बघू लागली. ठकठकरावांनी सगळा दोष थिएटरच्या माथी मारला. उजवीकडचा स्पीकर घोगरा होता, डोक्यावर पंखे घरघरत होते. तिथे हत्ती जिना चढला असता तरी कळलं नसतं. पण सल राहिला तो राहिलाच. जगाने नाही ऐकलं तर नाही, निदान आपल्या घरात तरी आपलं काम ऐकलं जावं, असं कुणाला वाटत नाही?

आता अडतीस वर्षांनी तोच सिनेमा, आवाज नव्याने साफसूफ करून, घरबसल्या बघायला मिळत होता. लेकीने स्पीकर पाठवला आणि ठकठकरावांनी कंबर कसली. इंटरनेट अडखळलं की आवाजाचाही दर्जा घसरतो, असं लेक फोनवर म्हणाली, तशी त्यांनी इंटरनेटची वायर थेट टीव्हीलाच जोडली. ॲपमधली डेटा वाचवायची सोय बंद केली. आवाजाच्या यादीत साधा स्टिरिओ निवडलेला होता, तो बदलून सराउंड केला. उघड्या फरशीवर आवाज आदळतो म्हणून आतल्या खोलीतली सतरंजी आणून अंथरली. तरी पावलं काही पुढे येईनात. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये खरा चोर सापडला. ‘संवाद ठळक’ नावाची एक सोय कुणी तरी कधी तरी चालू करून ठेवली होती. ती बोलणं पुढे आणायची आणि बाकी सगळं मागे ढकलायची. म्हणजे नट पुढे आणि ठकठकराव मागे, जन्मभर होतं तसंच. त्यांनी ती हसत हसत बंद केली.

आणि आवाज उलगडला. पेल्यात पाणी ओतलं ते शेजारीच ओतल्यासारखं वाटलं. रेशमी पदराची सळसळसुद्धा आली, जी काढायला त्यांनी जुनी छत्री फाडली होती. इतकं स्वच्छ तर त्यांनी स्टुडिओतही ऐकलं नव्हतं. माणूस सुखावून गेला. जिना जवळ आला तसा मात्र जीव टांगणीला लागला. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. तिच्या मांडीवर अर्धवट घडीचा टॉवेल होता आणि डोळे मिटलेले होते.

झालं, पालथ्या घड्यावर पाणी. पडद्यावर नायिका एकेक पायरी चढत होती, लाकूड कुरकुरत होतं, टाचा वाजत होत्या आणि घरातली एकुलती एक श्रोती झोपली होती. ठकठकरावांना वाईट वाटलं. मग स्वतःचंच हसू आलं. दमली असेल बिचारी, सकाळपासून तेच ते ऐकून. तिची झोप मोडू नये म्हणून आवाज कमी करायला त्यांनी रिमोट उचलला.

“राहू द्या,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “उघडले की ती बाई दिसते, म्हणून मिटलेत. तुम्ही अजून वर पोचला नाहीत.”

रिमोट हातातच राहिला. पायऱ्या संपल्या, दार वाजलं. मग ते म्हणाले, की स्पीकर चांगला असला की असा फरक पडतो. त्या थिएटरात हे कुठलं कळायला!

“थिएटरातच कळलं होतं,” ती म्हणाली आणि टॉवेलची घडी पुरी केली. “पण मध्यंतरात तुमचे स्टुडिओतले साहेब भेटले. पावलं कुणाची ते ओळखू आलं तर काम फसलं, असं ते म्हणाले आणि तुम्ही केवढ्या आनंदाने मान डोलावलीत. मग मी अडतीस वर्षं ओळखलं नाही.”