पाच माणसांची हवा

"काका, टायर कडांना चांगले आहेत, मधेच गुळगुळीत झालेत," जुन्या टायरवर बोट फिरवत टायरवाला म्हणाला. "हवा जास्त भरता का?"

"पाच माणसांची भरतो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच."

टायरवाल्याने दोन नवे टायर पुढ्यात आणून ठेवले. "हा तुमच्याच साइजचा, स्वस्त पडेल. हा जरा रुंद, महाग आहे. पण गाडी भरून जात असेल तर हाच घ्या. किती जण असता?"

काकांनी आपल्या छोट्या गाडीत डोकावून पाहिलं. मुलगा आणि सून नातीला घेऊन जर्मनीला गेले, त्याला पाच वर्षं झाली होती. ड्रायव्हरशेजारची सीट मात्र अजून शेवटपर्यंत मागेच होती. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी सरकवलेली ती सीट, ती वारल्यावरही त्यांनी पुढे घेतली नव्हती.

"एकटाच असतो," ते म्हणाले. "स्वस्तातले बसव."

टायर बसले. हवेची नळी हातात घेत टायरवाला म्हणाला, "आता पाच माणसांची नको, काका. एकट्याला काय, दोघांना काय, हवा सारखीच लागते."

"मग दोघांची भर."