पुतळ्याचा आवाज

दोनदा नापास झालेल्या त्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीची प्रात्यक्षिक परीक्षेतली ही शेवटची संधी होती. पेशंटला सोडून हललं, की पुन्हा नापास. पलंगावर सरावाचा पुतळा निजला होता आणि काचेआडून माइकवर त्याचं छातीतलं दुखणं बोलत होत्या परीक्षक बाई, स्वतः जुन्या मधुमेही.

बोलता बोलता पुतळ्याची जीभ जड झाली, शब्द विरघळू लागले.

"बाई काय जीव ओततात गं," मागून मैत्रीण कुजबुजली.

विद्यार्थिनीने मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिलं. पुतळ्याची रक्तातली साखर अगदी नॉर्मल होती. मग हे अडखळतंय कोण? पुतळा तसाच टाकून ती काचेमागे धावली आणि घामाने डबडबलेल्या बाईंना तिने घोटघोट साखरपाणी पाजलं.

हळूहळू बाईंचा आवाज स्वच्छ झाला.



"पास झालीस. जा, आता त्या पुतळ्यालाही डिस्चार्ज देऊन टाक."