पाणी उतरवताना

वृंदाने पुन्हा टाकीच्या काचेला कपाळ टेकवलं. डिस्कस माशांची पिल्लं पोहायला लागली होती, पण आईकडे जायचं सोडून वेडी हीटरभोवती घुटमळत होती. आईच्या अंगावरचा चिकट थर हेच त्यांचं पहिलं अन्न. आज तिला बिलगली नाहीत, तर उपाशीच मरणार.

मागे दाराशी रेवा उभी होती, वृंदाच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. वृंदा लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून रेवा फक्त बाबांच्या हातून जेवायची. आज बाबा परगावी गेलेले, आणि टेबलावर तिच्या ताटातला वरणभात केव्हाचा निवला होता.

वृंदाने टाकीत नळी सोडली आणि बादलीत पाणी काढायला घेतलं.

"काकू, पाणी का काढतेस?" रेवाने दारातूनच विचारलं.

"एवढ्या मोठ्या टाकीत त्यांना आई सापडत नाहीये गं. जागा कमी केली, की सापडते कधीकधी."

"आणि नाही सापडली तर?"

वृंदाने नळी आणखी खाली सोडली.

पाणी निम्म्यावर आलं. एक पिल्लू आईच्या कुशीला चिकटलं, मग दुसरं, मग सगळा पुंजकाच. आई जागची हलली नाही.

मागे ताट उचलल्याचा आवाज झाला. रेवा ते घेऊन आली, वृंदाच्या गुडघ्याला गुडघा लावून खाली बसली आणि म्हणाली, "भरव."

पोर बुजेल, या भीतीने वृंदाने मान वळवली नाही. टाकीकडे बघत बघतच ती भात कालवू लागली.