सतरा मिनिटं

"काकू निघाल्यात!" पियानोवाली विंगेत धावत आली. "शेवटची रचना ऐकायला थांबणार नाही म्हणतात. तुम्हीच काहीतरी करा, काका. माझं कोण ऐकतंय!"

ड्रमरने स्टिक्स बाजूला ठेवल्या. मध्यंतर संपायला दहा मिनिटं होती.

"पोचेस्तोवर मध्यंतर संपायचं नाही ना?" बासवाला म्हणाला. ड्रमरच्या गुडघ्यांवर हा रोजचाच विनोद होता. आज कुणी हसलं नाही.

बँड उभा करणाऱ्या दादाला जाऊन तीन महिने झाले होते. त्याचा सॅक्सोफोन आता त्याची शिष्या वाजवत होती आणि पहिल्या भागात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. पण लोक आले होते ते शेवटच्या रचनेसाठी. एकोणतीस वर्षांपूर्वी ह्याच सभागृहात दादाने ती सतरा मिनिटं वाजवली होती. तेवढ्या एका रेकॉर्डवर त्याचं नाव झालं. तसं पुन्हा त्यालाही जमलं नाही.

वहिनी बाहेरच्या बाकावर शाल सावरत बसल्या होत्या. दादापासून त्या वेगळ्या राहायला लागल्या त्यालाही आता एकोणतीस वर्षं होत आली होती. दौऱ्यांना कंटाळल्या, असं लोक म्हणत. ड्रमरही तेच म्हणे. त्याला ते सोयीचं होतं.

"या भावजी," त्या सरकून बसल्या. "मला थांबवायला पाठवलंय ना?"

"हो. पण मलाही तुमच्याशी बोलायचं होतं. बरीच वर्षं राहून गेलंय."

"बोला की. त्या सगळ्या गोतावळ्यात तुम्हीच एक होतात ज्यांनी आमच्या छकुलीला विसरू दिलं नाही. दर वाढदिवसाला न चुकता येत राहिलात."

ड्रमरने खाली मान घातली. छकुलीच्या नावाने घरी येऊन वहिनींच्या हातचा चहा पिताना दरवेळी त्याच्या घशाशी एकच गोष्ट यायची आणि चहाबरोबर परत खाली जायची. दादा असेपर्यंत धीर झाला नाही. आज मात्र सांगायचंच, असं ठरवून तो आला होता.

रेकॉर्डच्या त्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीतला फोन त्याने उचलला होता. वहिनींचा भाऊ बोलत होता. पोरीचा ताप वाढलाय, इस्पितळात हलवलंय, दादाला ताबडतोब पाठवा. "आत्ता पाठवतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. बाहेर सभागृह गच्च भरलेलं. रेकॉर्डिंगवाले एकाच दिवसासाठी आलेले. दादा विंगेत डोळे मिटून उभा. ताप तर आहे, तासाभरात काय होतंय, असं ड्रमरने मनाशी म्हटलं आणि तो ड्रमवर जाऊन बसला. टाळ्या ओसरल्यावर त्याने दादाला सांगितलं, "आत्ताच फोन आला."

दादा पोचला तेव्हा पोर जाऊन वीस मिनिटं झाली होती.

"वहिनी, त्या दिवशी..." ड्रमरने सुरुवात केली.

"त्या दिवसाचंच सांगते," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे मला थांबायचा आग्रह करणार नाही तुम्ही. लोक त्या सतरा मिनिटांना टाळ्या वाजवतात. मला त्या वेळी खाटेवर कण्हत असलेली माझी पोर दिसते. दर दोन मिनिटांनी विचारत होती, बाबा आले का?"



"पोर गेली म्हणून मी घर सोडलं नाही, भावजी. डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तरी ती वाचली नसती. पण तिला भेटले तर असते! आणि माझ्या भावाने फोन केला होता साडेसातला. तुमचा कार्यक्रम संपला नऊला."

"दादाला विचारलंत तुम्ही?"

"तिसऱ्या दिवशी विचारलं. म्हटलं, साडेसातचा निरोप नऊपर्यंत कुठे होता? ज्याच्याकडे होता त्याचं नाव सांगा. मी त्याचं तोंड बघणार नाही जन्मात."

आत घंटा झाली. दारातून पियानोवालीने हात हलवला. ड्रमर उठला नाही.

"मग?" त्याने कसंबसं विचारलं. "काय म्हणाला दादा?"

"दोनदा तोंड उघडून मिटलं. मी म्हटलं, खोटं बोलायचं असेल तर बोलूच नका. तेव्हा माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, फोन मीच घेतला होता."